आजीने वाचलं की कळतं, मी वाचलं की नाही

प्रिय चिमू,

तुझा प्रश्न आजीने जसाच्या तसा पाठवला: "मला मराठी बोलता येतं, गुजराती भराभर वाचता येतं. मग मराठी गोष्ट आजीने वाचली की कळते आणि मी वाचली की का नाही कळत? आणि रोज एक पान मोठ्याने का वाचायचं? मनातल्या मनात का नाही?"

आधी एक गणित. वाचून कळणं म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार. पहिला आकडा अक्षरांतून शब्द सोडवण्याचा, दुसरा तो शब्द कानावर पडला तर समजण्याचा. फिलिप गफ आणि विल्यम टन्मर या संशोधकांनी १९८६ मध्ये हे मांडलं. बेरीज नाही, गुणाकार. एक आकडा शून्य असेल तर दुसरा दहा असून काही उपयोग नाही. समज, तुझं मराठी समजणं दहापैकी ९ आणि अक्षरं सोडवणं ३. झाले २७, शंभरातले. आजी वाचते तेव्हा सोडवण्याचं काम ती करते आणि तुझे ९ तुला पूर्ण मिळतात. तू वाचतेस तेव्हा सहावा शब्द सोडवेपर्यंत पहिला डोक्यातून निसटतो. इंग्रजीचं उलटं आहे. तिथे शब्द तू धडाधड वाचतेस, पण अर्ध्यांचे अर्थ माहीत नसतात. म्हणून इंग्रजीसाठी ऐकणं-बोलणं वाढवायचं आणि मराठीसाठी अक्षरं पक्की करायची. दोन्हीकडे नुसतं "जास्त वाच" म्हणून भागत नाही.

आता चांगली बातमी. वाचायला माणूस एकदाच शिकतो. खुणेचा आवाज होतो, आवाज जोडून शब्द होतो, ही युक्ती तुला गुजरातीने शिकवली आहे. बाळबोध लिपीत, म्हणजे मराठीच्या देवनागरीत, फक्त खुणा बदलायच्या. बाराखडी तीच आहे: चौतीस व्यंजनं गुणिले बारा, म्हणजे ४०८ अक्षरं. (ॲ आणि ऑ धरून आता चौदाखडीही म्हणतात.) पण ४०८ आकार कोणी पाठ करत नाही. चौतीस आणि बारा शिकायचे, बाकीचे आपोआप येतात. ग, घ, त, न, प, म, व, स तू आजच ओळखशील, फक्त डोक्यावर रेघ असेल. ती रेघ जिथे तुटते तिथे शब्द संपतो, ही वर सोय. अ, इ, ख, च, ज, झ, फ, ब, भ, ल मात्र वेगळे दिसतात. एवढेच दहा कार्डांवर लिहून आधी घोटून घे. आणखी एक: गुजरातीत ए म्हणजे अ वर मात्रा, मराठीत ए चं अक्षरच निराळं.

वय झालं असं वाटत असेल तर सयाजीराव महाराज आठव. १८७५ मध्ये कवळाण्याहून बडोद्याला दत्तक आले तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळख जवळजवळ नव्हती. मग मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू असं सगळं बरोबरच सुरू झालं. याच राजाने पुढे १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं.

तू अडखळतेस ती खरी ठिकाणं वेगळी आहेत. सगळ्यात मोठं म्हणजे च, ज, झ. गुजरातीत च चा एकच आवाज, मराठीत दोन, आणि लिहायला अक्षर एकच! 'चार' आणि 'चारा' म्हणून बघ. दुसऱ्यात जीभ दातांकडे जाते. 'घराचा' मधला च एक, 'घराची', 'घराचे' मधला दुसरा. इ, ई, ए, य पुढे आले की सहसा मऊ, म्हणजे तुझ्या गुजरातीतल्यासारखा. बाकी ठिकाणी नियम शोधत बसू नकोस. एक आवाज लावून बघ, ओळखीचा शब्द झाला नाही तर दुसरा लाव. इथे तुझी बोलण्यातली मराठी तुला वाचायला मदत करते. ज्याला मराठी येतच नाही, त्याला हे जमणार नाही.

दुसरं, र चे वेश. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. पहिल्यात द वर जोर येतो, दुसऱ्यात येत नाही. तिसरं, 'ज्ञ': शाळेत तो 'ग्न' होतो, घरी 'द्न्य'. आणि चौथं: तू 'केलं' म्हणतेस, पुस्तकात बहुतेक 'केले' असतं. चूक कोणाचीच नाही, छापील मराठी जरा इस्त्री केलेली असते. हे पत्र मी बोलल्यासारखं लिहितेय, म्हणून इतकी टिंबं.

म्हणूनच मोठ्याने. मनात वाचताना तू मात्रा गाळतेस, वेलांटी अंदाजाने घेतेस, चुकीचा च तसाच पुढे नेतेस, आणि ते आजीला ऐकू येत नाही. पंधरा मिनिटं पुरेत. एकच पान तीन दिवस: पहिल्या दिवशी आजी वाचेल आणि तू शब्दाखाली बोट फिरवायचं, दुसऱ्या दिवशी दोघींनी बरोबर, तिसऱ्या दिवशी तू एकटीने. अडलीस तर आजीने मनात पाचपर्यंत मोजायचं, लगेच शब्द सांगायचा नाही. (हे तिला वाचून दाखव, तिला धीर धरवत नाही.) चित्र बघून शब्द ठोकून द्यायचा नाही. एका पानावर पाचाहून जास्त शब्दांचे अर्थ अडले तर ते पुस्तक सध्या आजीने वाचायचं. तुमच्या बडोद्यातल्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकं आहेत, तिथून जाड टायपातलं आण. वाचन बोलण्याच्या वेगाने व्हायला लागलं की मोठ्याने वाचणं बंद केलंस तरी चालेल.

इकडे फिनलंडमध्ये मुलं सातव्या वर्षी पहिलीत जातात आणि बरीचशी वर्षाच्या आतच वाचायला लागतात. फिनिशमध्ये एका अक्षराचा जवळजवळ एकच आवाज असतो, च सारखी भानगड नाही. इंग्रजीवाल्यांना याहून बराच जास्त वेळ लागतो. मराठी फिनिशच्या जवळची, फक्त खुणा जास्त.

रविवारी फोनवर 'जग' हा शब्द दोन तऱ्हांनी म्हणून दाखव, एकदा पृथ्वीवरचं आणि एकदा 'शंभर वर्षं जग' मधलं. आजीला आधी विचारू नकोस.

तुझी,
आई