कवटीवाला क्लब आणि सत्तेची खुर्ची

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण होणार ते येल युनिव्हर्सिटीतली ‘स्कल अँड बोन्स’ (म्हणजे कवटी आणि हाडं) ही गुप्त संघटना ठरवते. माझा भाचा ठाण्यात सेकंड इयरला आहे, तो म्हणतो मामा, राजकारणात जायचं तर असल्या ग्रुपमध्ये घुसल्याशिवाय काही होत नाही. खरंय का हे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : दादा, संघटना खरी आहे, राष्ट्राध्यक्ष ती ठरवते हे खोटं. १८३२ पासून चालूये, दरवर्षी शेवटच्या वर्षात जाणारे फक्त १५ जण निवडतात, येल जिथे आहे त्या न्यू हेवनला त्यांची दगडी इमारत आहे तिला सगळे थडगंच म्हणतात. टाफ्ट आणि दोन्ही बुश बापलेक, असे तीन राष्ट्राध्यक्ष यातले, आणि २००४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तर धाकटे बुश विरुद्ध केरी म्हणजे दोन्ही उमेदवार याच क्लबचे, मग लोकांना संशय येणारच ना.

पण टाफ्टचे वडील क्लब काढणाऱ्या दोघांपैकी एक, ते स्वतः युद्धमंत्री झालेले. थोरल्या बुशचे वडील बँकर, नंतर सिनेटर, तेही इथलेच. म्हणजे वजन घरातूनच आलेलं, क्लबने फक्त ओळखी पक्क्या करून दिल्या. आणि १९८० ला रिपब्लिकन उमेदवारीसाठी याच थोरल्या बुशना रेगननी हरवलं, जे इलिनॉयमधल्या युरेका नावाच्या छोट्याशा कॉलेजात शिकले होते. क्लब सगळं ठरवत असता तर हे झालं असतं का?

मला खरी चीड येते ती १९९१ च्या प्रकाराची. त्या वर्षीच्या मुलांनी पहिल्यांदाच मुलींना घ्यायचं ठरवलं, तर माजी सदस्यांनी चक्क इमारतीची कुलपंच बदलून टाकली, शेवटी सदस्यांचं मतदान घ्यावं लागलं तेव्हा कुठे मुली आत आल्या. बघा, मुलं नावाला सदस्य, चावी म्हाताऱ्यांच्या हातात, आणि सगळं गुप्त असल्यामुळे बाहेरच्याने जाब विचारायचा कोणाला? माझा विरोध आहे तो याला, कवटीबिवटीला नाही.

आपल्याकडे दुखणं वेगळंय. १९९४ च्या कायद्याने महाराष्ट्रात कॉलेजच्या थेट निवडणुका बंद झाल्या, २०१६ च्या कायद्यात तरतूद परत आली पण प्रत्यक्षात त्या लांबतच गेल्या. उघड प्रचार करायचा, मतं मागायची, हरायचं, परत उभं राहायचं हे शिकायची जागाच पोरांना मिळत नाही, मग कोणाच्या तरी मागे फिरून वशिला लावणं हाच रस्ता वाटायला लागतो. भाच्याचं काही चुकत नाहीये, त्याला दिसतंय तेच तो बोलतोय.

त्याला सांगा, वर्गातल्या पोरापोरींच्या सह्या घे आणि आपल्या कॉलेजात निवडणूक कधी घेणार ते प्राचार्यांना लेखी विचार, अर्जाच्या कॉपीवर पोच मात्र घ्यायची.