बाप परराज्यात गेला आणि पोटगी थांबली

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी दरमहा 7,000 रुपये पोटगी द्यावी, असा सांगलीच्या कोर्टाचा हुकूम आहे. नवरा कुपवाड एमआयडीसीत होता तोवर कंपनी पगारातून कापून माझ्या खात्यावर भरत होती. चार महिन्यांपूर्वी नोकरी सोडून तो तमिळनाडूत होसूरला गेला आणि पैसे बंद झाले. कंपनी म्हणते, आता आमचा संबंध नाही. पुन्हा पहिल्यापासून केस करावी लागेल का? (एक आई, मिरज)

उत्तर : नाही ताई. हुकूम मुलाच्या बापावर आहे, कंपनीवर नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा लागू आहे. कंपनीकडे गेले होते ते फक्त कपातीचे पत्र. माणूस नोकरी सोडतो तेव्हा ते पत्र जुन्याच फायलीत राहते, नव्या मालकाकडे आपोआप जात नाही. तुम्हाला नवी केस नको, वसुलीचा अर्ज हवा.

आणि तो लवकर हवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 प्रमाणे (1 जुलै 2024 पूर्वीचे फौजदारी संहितेचे 125) हप्ता देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला, तरच त्याच्या वसुलीचे वॉरंट निघते. ‘दिवाळीला गावी येईल तेव्हा बघू’ म्हणण्यात वर्ष सरले, तर ते हप्ते या मार्गाने मिळत नाहीत. वेळेत अर्ज पडला आणि तो चालू असला, की पुढे थकत जाणारे हप्तेही त्यातच मागता येतात.

अर्जासोबत हुकमाची प्रमाणित नक्कल जोडा. ती तुम्हाला मोफत मिळण्याचा हक्क आहे, दोन मागा. बँकेच्या शिक्क्याचा खातेउतारा घ्या आणि त्यात जुन्या कंपनीच्या नावाने जमा झालेली शेवटची ओळ शोधून तिच्यावर खूण करा. कपात कुठल्या महिन्यात तुटली, हे ती एक ओळ सांगते. वेगळ्या कागदावर महिना, देय, मिळाले, बाकी असा तक्ता करा. चार महिन्यांचे 28,000 रुपये एका नजरेत दिसले पाहिजेत.

अर्ज सांगलीत करता येतो, किंवा त्याच संहितेच्या कलम 147 खाली नवरा जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही. आमचे मत, सुरुवात सांगलीतच करा. मूळ फाईल इथे आहे, आणि होसूरच्या तारखांना मुलाला कुणाजवळ ठेवून जाणार?

बाहेरच्या राज्यातली वॉरंटे परत येतात ती बहुतेकदा पत्त्यापायी. ‘होसूर, तमिळनाडू’ हा पत्ता नव्हे. घर क्रमांक, गल्ली, पोलीस ठाणे, पिनकोड हे सगळे इंग्रजीत द्या, हुकमाचे इंग्रजी भाषांतरही जोडा; तिथल्या ठाण्यात मराठी कोण वाचणार? कंपनीचे नाव पगारपत्रकावर असते तेच लिहा. गेटवरची पाटी एकाची आणि पगार ठेकेदाराचा, असे कारखान्यांत फार असते. मग पत्र ‘हा आमचा कामगार नाही’ म्हणून परत येते. नाव-पत्ता काहीच ठाऊक नसेल, तर त्याने नोकरी, पगार आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यावे, अशी मागणी अर्जातच करा. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात (4 नोव्हेंबर 2020) पोटगीच्या प्रकरणांसाठी त्या शपथपत्राचा नमुनाच ठरवून दिला आहे.

नव्या पगारातून कपात कशी मागायची, हे तुमचा हुकूम कोणत्या कायद्याखाली आहे त्यावर ठरते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली असेल तर कलम 20(6) प्रमाणे कोर्ट थेट नव्या मालकाला रक्कम भरायला सांगू शकते. 144 किंवा 125 खाली असेल तर दिवाणी दरखास्तीसारखी (दिवाणी निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जासारखी) पगारजप्ती मागता येते. पोटगीसाठी पगाराचा एक तृतीयांश भाग सोडून बाकीच्यावर जप्ती येऊ शकते.

वॉरंटानंतरही पैसे भरले नाहीत, तर दर थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात गेला म्हणून बाकी माफ होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1989 मध्येच स्पष्ट केले आहे.

वकिलाच्या फीसाठी थांबू नका. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज द्या किंवा 15100 वर फोन करा.

प्रश्न : मी विट्याचा, गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) कामाला कोइमतूरला असतो. दुकान बदलल्यापासून कमाई निम्म्यावर आली. मुलीची पोटगी 8,000 आहे. सध्या 4,000 गावी माझ्या आईकडे रोख देतो, ती पोचवते. चालेल ना? (एक वडील)

उत्तर : यात दोन चुका आहेत, आणि दोन्ही तुम्हालाच महाग पडतील. कमाई घटली म्हणून रक्कम आपल्या मनाने कमी करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 खाली हुकूम देणाऱ्या कोर्टात बदलाचा अर्ज करा. हुकूम बदलेपर्यंत दरमहा 4,000 थकबाकी चढतच राहते. गलाईत पगारपत्रक नसते, म्हणून दुकानमालकाचे लेखी पत्र, भाड्याची पावती आणि दुकान बदलण्याआधीचा व नंतरचा, दोन्ही काळांचा खातेउतारा लावा.

दुसरी चूक रोखीची. आजीच्या हाताने गेलेल्या पैशांची कोर्टात नोंद नाही. हुकमात दिलेल्या खात्यावर ठरलेल्या तारखेच्या आत पाठवा आणि शेऱ्यात ‘पोटगी, जून’ असे लिहा. नुसते पैसे गेले की समोरची बाजू ‘ते शाळेच्या फीचे होते’ म्हणू शकते. कोइमतूरचा पत्ता आजच कोर्टाला लेखी कळवा आणि त्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नाहीतर नोटीस विट्याच्या घरी जाईल आणि तुमच्या गैरहजेरीत वॉरंट निघेल.