हेलिकॉप्टर इंजिनाच्या नोंदी : मुलीने ही नोकरी घ्यावी का?

पत्र : माझ्या मुलीने टर्बाइन हेलिकॉप्टरच्या देखभालीचा, म्हणजे बी १.३ गटाचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम डीजीसीए-मान्य (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या) संस्थेतून पूर्ण केला. जुहूच्या एका हेलिकॉप्टर कंपनीने तिला हँगरऐवजी टेक्निकल रेकॉर्ड्स विभागात, इंजिनातील ठरावीक आयुष्याच्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी बोलावले आहे. इंजिन उघडायला शिकलेल्या मुलीने आता रजिस्टर भरत बसावे का? – एक पालक, चिपळूण

सप्रेम नमस्कार. आपली काळजी मी समजू शकतो, कारण समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी माझी काही वर्षे अशाच टेबलावर गेली आहेत. या कामाला रजिस्टर भरणे म्हणणे मला पटत नाही. ते का, हे थोडे विस्ताराने सांगतो.

टर्बाइनची डिस्क, म्हणजे जिच्या कडेवर पाती बसवलेली असतात ती चकती, प्रत्येक वेळी इंजिन सुरू होताना तापते, प्रचंड वेगाने फिरताना ताण सोसते आणि इंजिन बंद झाल्यावर थंड होते. या प्रत्येक चक्रागणिक, म्हणजे सायकलगणिक, धातू थोडा थोडा थकत जातो. तुटलेले पाते इंजिनाच्या आवरणात अडवता येते, पण फुटलेल्या डिस्कचे तुकडे आवरण फोडून बाहेर पडू शकतात. म्हणून निर्माता अशा भागांना सायकल किंवा तासांची, कधी दोन्हींची, मर्यादा घालून देतो आणि ती भरली की भाग कितीही चकचकीत दिसत असला तरी काढावाच लागतो. त्यात ‘आणखी दहा तास चालवू’ अशी सवलत नसते.

आता ही सायकल मोजायची कशी, यात खरी मेख आहे. जुहूहून मुंबई हायच्या तेलफलाटांकडे जाणारे हेलिकॉप्टर एकदा सुरू झाले की इंजिन बंद न करता चार-पाच फलाटांवर उतरून परत येऊ शकते. इंजिन एकदाच सुरू झाले म्हणून एकच सायकल लिहिली तर ती चूक ठरेल, कारण प्रत्येक उतरण्याबरोबर गॅस जनरेटरचा, म्हणजे तप्त वायू तयार करणाऱ्या इंजिनाच्या भागाचा, वेग खाली येतो आणि उड्डाणाला पुन्हा चढतो. एरियलसारख्या हेलिकॉप्टर इंजिनांत या मधल्या चढउतारांसाठी सायकलचा अंश मिळवावा लागतो. शिवाय गॅस जनरेटर आणि फ्री टर्बाइन (त्या वायूवर फिरून रोटरला शक्ती देणारी टर्बाइन) यांचे हिशेब वेगवेगळे ठेवतात. समजण्यापुरते धरू की सुरू-बंदची पूर्ण १ सायकल आणि प्रत्येक मधल्या उतरण्याचे ०.२. पाच फलाट केले की एका फेरीच्या २ सायकल होतात. दिवसाला तीन फेऱ्या आणि वर्षाला २५० दिवस धरले, तर खरा आकडा १,५०० येतो आणि वरवर मोजणाऱ्याच्या कागदावर ७५० राहतो. डिस्कचे अर्धे आयुष्य कागदावर शिल्लक आणि प्रत्यक्षात खर्ची पडलेले! नव्या हेलिकॉप्टरांत कॉकपिटमधील पडदा उड्डाणानंतर हे आकडे स्वतः दाखवतो, पण ते उड्डाणाशी ताडून पाहण्याचे आणि यंत्रणा बंद असेल त्या दिवशी हाताने हिशेब मांडण्याचे काम माणसाचेच असते.

दुसरी अडचण अशी की भाग एका जागी राहत नाहीत. एरियल इंजिन पाच मोड्यूलचे, म्हणजे सुटे करून बदलता येणाऱ्या पाच भागांचे, असते. एका इंजिनाचे मोड्यूल दुरुस्तीला गेले की दुसरे बसते, आणि प्रत्येकाचे लॉग कार्ड, म्हणजे वापराच्या नोंदींचे कार्ड, त्याच्याबरोबर प्रवास करते. माझ्या उमेदवारीच्या काळात असेच एक कार्ड टेबलावर आले. मागच्या ओळीची बेरीज ४,७८१ आणि पुढच्या ओळीत उतरवलेला आकडा ४,१८७. शाई एकच, अक्षर एकच, घाईत अंक उलटसुलट झालेले. मी ते दोनदा वाचून पुढे सरकवले होते. शेजारच्या ज्येष्ठ बाईंनी पट्टी ठेवून ओळ अन् ओळ तपासली तेव्हा ५९४ सायकलींची तफावत सापडली. ती पट्टी ठेवण्याची सवय मी त्यांच्याकडून घेतली. जन्मापासूनचा असा सलग हिशेब ज्या भागाला नाही, तो भाग निरोगी असला तरी इंजिनात बसवता येत नाही.

नोंदींचे महत्त्व केवळ मर्यादेपुरतेही नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे कोसळलेल्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची पंख्याची डिस्क १८,००० सायकलींच्या मर्यादेपैकी १५,५०३ सायकली चालली होती, म्हणजे हिशेबात ती शाबूत होती. धातूतच जन्मजात दोष होता, आणि चौकशीत निर्मात्याच्या कागदांत एकाच सिरीयल नंबरच्या दोन डिस्क निघाल्या, म्हणजे कोणती नोंद कोणत्या डिस्कची हाच प्रश्न उभा राहिला. हेलिकॉप्टरचे उदाहरण नसले तरी आपल्या मुलीने ते वाचावे असे मला मनापासून वाटते.

तरीही माझा होकार सशर्त आहे. मान्य संस्थेचा अभ्यासक्रम झाल्यावरही बी १.३ लायसन्ससाठी चालू हेलिकॉप्टरांवरील दोन वर्षांचा प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव लागतो, आणि केवळ टेबलावरचे काम त्यात धरले जाईल असे गृहीत धरू नये. त्यामुळे रुजू होण्यापूर्वी तिने हँगरमधील पाळी किती मिळेल आणि तिच्या अनुभव-पुस्तिकेवर सही कोण करील, हे लेखी विचारावे. त्याचे स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर ही जागा सोडून द्यावी. लायसन्स आधी, बाकी सारे नंतर. उत्तर मिळाले, तर मात्र ही सुरुवात उत्तम आहे, कारण पुढे उड्डाणयोग्यता व्यवस्थापनाच्या विभागात, किंवा इंजिन विकत वा भाड्याने घेण्यापूर्वी त्याचे कागद तपासण्याच्या कामात, हँगर आणि नोंदी दोन्ही जाणणारी माणसे लागतात.

आणखी एक विनंती. मुलाखतीच्या दिवशी तिने एखाद्या इंजिनाची लॉग कार्डे पाहायला मागावीत आणि एका डिस्कचा आकडा पहिल्या ओळीपासून स्वतः जुळवून पाहावा. त्या अर्ध्या तासात तिला कंटाळा आला की उत्सुकता वाटली, हे तिलाच विचारा, आणि मला अवश्य कळवा.