तंत्रज्ञान आलं, पण काम कुणाच्या गळ्यात पडलं?

या वेळी टपालानं आणि मेलवर आलेल्यांपैकी निम्मे प्रश्न 'या मोबाईलनं काय चालवलंय' याच सुरातले होते, म्हणून सगळे एकत्रच घेतले. लांबलचक पत्रं थोडी कापलीत, नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : कोल्हापुरात माझी चहा-नाष्ट्याची गाडी आहे. बंगळुरूला गाडीवाल्यांचं यूपीआय बघून जीएसटीच्या नोटिसा आल्या म्हणे. आमच्या भावकीतला एकजण मागं लागलाय की क्यूआर काढून टाक. काढू का?

नका काढू, आणि काढून फार उपयोग पण नाही. झालं काय होतं ते सांगतो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यावसायिक कर विभागानं यूपीआयची आकडेवारी घेऊन छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या, त्यात हावेरीच्या एका भाजीवाल्याला चार वर्षांत १ कोटी ६३ लाखांचे व्यवहार झाले म्हणून २९ लाखांची नोटीस गेली. आता ताज्या भाजीवर मुळात जीएसटीच नाही, हे घरी भाजी आणणाऱ्या कुणालाही माहीत, पण कॉम्प्युटरला नुसती रक्कम दिसते, पिशवीत मेथी होती का मोबाईल ते त्याला दिसत नाही. बंगळुरूत दुकानांवर 'नो यूपीआय, ओन्ली कॅश' असे कागद लागले, बंदची हाक दिली गेली, मग मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी जुनी वसुली करणार नाही म्हणून सांगितलं आणि प्रकरण निवळलं.

तुमच्यापुरतं बघायचं तर नियम असा की माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या वर आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटीची नोंदणी लागते, आणि तयार खाणं सेवेत धरतात. २० लाख ऐकायला लय मोठं वाटतं पण दिवसाला भागून बघा, साधारण साडेपाच हजार होतात, म्हणजे चौकातली चालती गाडी सहज तिथं पोचते. यात कॅश पण धरायची बरं का, मर्यादा धंद्याच्या उलाढालीची आहे, यूपीआयची नाही. वर गेलात तर छोट्या खाणावळींसाठी कंपोझिशन योजना आहे, म्हणजे उलाढालीवर सरसकट ५ टक्के भरायचे, कुठल्याही कर सल्लागाराला विचारा, आभाळ कोसळत नाही.

आता माझं मत. आपण यूपीआयचं कौतुक करताना थकत नाही आणि कौतुक करण्यासारखं आहेच, २०१६ ला सुरू झालेली गोष्ट ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २००० कोटी व्यवहारांच्या पुढं गेली, २०२० पासून त्यावर दुकानदाराला चार्ज पण नाही. पण बातमीत एवढंच येतं. पूर्वी तुमचा हिशोब तुमच्या डोक्यात आणि गल्ल्यात असायचा, आता तो आपोआप कुठंतरी लिहिला जातोय आणि त्याचा खुलासा करायचं काम मात्र तुमच्याकडं आलंय. म्हणून सल्ला इतकाच की घरचे पैसे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात घ्या. भावाने उसने परत केलेले पैसे, मुलीच्या फीसाठी मामाने पाठवलेले पैसे, भिशी, हे सगळं गाडीच्या क्यूआरवर आलं की बाहेरून बघणाऱ्याला ते वडापावच वाटणार.

प्रश्न : सगळीकडे केवायसी. बँकेचं झालं, गॅसचं झालं, रेशनचं झालं, आता योजनेचं. ओटीपी येत नाही, आला तर साइट बंद. आम्ही बायका रात्री बाराला उठून फॉर्म भरतोय. ही सोय कुणाची? (यवतमाळ जिल्हा)

ताई, तुमच्या पत्रातल्या या शेवटच्या तीन शब्दांसाठीच हे सदर चालवतो मी.

सोय ऑफिसची. एकेकाळी कागद तपासायला एक माणूस बसायचा, तो कटकट्या असेल, जेवायच्या सुट्टीवर जात असेल, पण तपासायचं काम त्याचं होतं. आता तेच काम लाखो बायकांना वाटून दिलंय आणि त्याला डिजिटल म्हणायचं. लाडकी बहीणचंच बघा, सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी काढलं, त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार आणि त्यावरचा ओटीपी मागितला, आणि मग प्रश्न आला की ज्या बाईचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत तिनं काय करायचं? हा प्रश्न फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यात आधी आला नाही याचंच मला आश्चर्य वाटतं, कारण आपल्याकडं कुठल्याही वाडीत पाच मिनिटं उभं राहिलं तरी अशी बाई भेटते. नंतर सोय केली, मुदतही वाढवली, ठीक. पण तोपर्यंत महिना १५०० रुपये थांबतील या धास्तीनं किती जणींनी सेंटरवर पैसे मोजले असतील.

एक मात्र सांभाळा. अशी धांदल असली की खोट्या साइट लगेच उगवतात, तेव्हा व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून कधीच भरायचं नाही. आणि सेंटरवाल्याला आधार नंबर दिला तरी ओटीपी कशासाठी आलाय तो मेसेज पूर्ण वाचूनच सांगायचा, मागं रांग लागली असली तरी.

प्रश्न : मुलाला नवीन आयफोन हवाय, तोच नारिंगी रंगाचा. मुंबईत बीकेसीला अॅपलच्या दुकानाबाहेर लोक रात्रभर रांगेत होते म्हणतो. घ्यावा का?

तुमचे पैसे आहेत का त्याचे? त्याचे असतील तर घेऊ दे. तुमचे असतील तर नको.

प्रश्न : माझे बाबा साताऱ्यात एकटे राहतात, बँकेतून रिटायर झालेत. डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचून ते अनोळखी फोनच उचलत नाहीत, एकदा तर कुरियरवाला परत गेला. मी पुण्यात. त्यांना काय सांगू?

पहिली गोष्ट हीच सांगा की डिजिटल अरेस्ट नावाचं आपल्या कायद्यात काही नाहीच. पोलीस, सीबीआय, ईडी, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि कुठलंही कोर्ट पैसे 'तपासणीसाठी' दुसऱ्या खात्यात टाकायला सांगत नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये हे सांगितलं, त्यानंतर ती सायबरची कॉलर ट्यून आली, बच्चनसाहेबांच्या आवाजातली, घाईघाईत फोन लावला तरी आधी तीच ऐकावी लागायची, शेवटी लोक वैतागले आणि ती काढली. तरी लोक फसतातच.

आणि फसणारे बावळट नसतात हे डोक्यात ठेवा. २०२४ मध्ये वर्धमान ग्रुपचे एस. पी. ओसवाल, एवढे मोठे उद्योगपती, त्यांना ७ कोटींना फसवलं, त्यासाठी चक्क सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी ऑनलाइन उभी केली होती, सरन्यायाधीशांची पण नक्कल केली. जिथं कोर्टच खोटं उभं करतात तिथं आपल्या बाबांनी कुठल्या पुस्तकात बघून ओळखायचं? फसवणारे बुद्धीवर जातच नाहीत, ते भीतीवर आणि अब्रूवर जातात. 'तुमच्या नावानं पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कुणाला सांगू नका, कॅमेरा बंद करू नका.' यातलं 'कुणाला सांगू नका' हे खरं हत्यार. आयुष्यभर सरळ नोकरी केलेला माणूस पोलीस म्हटलं की आधी गळपटतो, त्याला वाटतं शेजाऱ्यांना कळलं तर काय.

म्हणून बाबांना दहा सूचनांची यादी देऊ नका, एकच ठरवा, जो कुणी म्हणेल कुणाला सांगू नका त्याचा फोन ठेवायचा आणि लगेच तुम्हाला लावायचा, रात्री दोन वाजता का असेना, आणि तुम्ही त्यावर चिडायचं नाही. चिडलात की पुढच्या वेळी ते लावणार नाहीत. खालच्या मजल्यावरच्या एखाद्या काकांनाही सांगून ठेवा. मोठी एफडी असेल तर ती मोबाईलवरून मोडता येणार नाही अशी सोय होते का ते शाखेत विचारा. पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, त्याच तासाला, कारण पैसा दुसऱ्याच्या नावच्या खात्यांतून भराभर फिरवतात आणि लवकर कळवलं तरच कुठंतरी तो थांबवता येतो.

बँकांबद्दल एक बोलायचं राहिलं. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तोटा तुमचा नाही. चांगलं आहे. पण डिजिटल अरेस्टमध्ये पैसे माणूस स्वतःच्या हातानं पाठवतो, म्हणून तो म्हणे त्याचा निष्काळजीपणा. ज्या खात्यातून तीस वर्षं फक्त पेन्शन आणि लाइटबिल गेलं, त्यातून एका दुपारी चाळीस लाख अनोळखी खात्यात जातात आणि यंत्रणेला काहीच खटकत नाही, हे कुणाचं निष्काळजीपण? पाचशे रुपयांचं कर्ज विकायला यांना माझी सगळी माहिती असते.

प्रश्न : मी ठाण्यात राहते, दहा मिनिटांत कोथिंबीर मागवते आणि मग तो घामाघूम मुलगा दारात बघून मला अपराधी वाटतं. मागवणं बंद करू?

नका करू, त्याचं पोट त्यावर आहे. पण दहा मिनिटांचा चमत्कार कसा होतो ते माहीत असू द्या. जवळपास कुठंतरी डार्क स्टोअर असतं, म्हणजे गिऱ्हाईक आत न येणारं दुकान, तिथं माल भरायला मिनिट-दोन मिनिटं, उरलेला वेळ रस्त्याचा. कंपन्या म्हणतात आम्ही जोरात गाडी चालवायला सांगतच नाही, स्टोअर जवळ असतं म्हणून जमतं. घोडबंदर रोडला संध्याकाळी सातला हे ऐकवून बघा कुणाला.

३१ डिसेंबर २०२५ ला, ऐन थर्टीफर्स्टला, या मुलांनी देशभर संप केला, आणि जानेवारीत केंद्रीय कामगारमंत्र्यांनी सांगितल्यावर ब्लिंकिट या घरपोच सामान देणाऱ्या कंपनीनं दहा मिनिटांचा दावा जाहिरातीतून काढला. जाहिरातीतून काढला, एवढंच. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत, जी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के या कामगारांच्या निधीत टाकायचे आहेत, ते खरंच पडतात का आणि त्या मुलाच्या हातात काय येतं ही बातमी मला वाचायची आहे, पण ती कोण छापणार, नवीन अॅप आलं की पहिलं पान. तुम्ही काय करू शकता तर उशीर झाला म्हणून कमी स्टार देऊ नका, आणि पाणी विचारा.

प्रश्न : आठवीच्या वर्गाला मराठी शिकवते. निबंध सगळे चॅटजीपीटीचे. पकडायचं कसं?

मॅडम, शुद्धलेखन बघून, एकही वेलांटी चुकलेली नाही म्हणजे आठवीचा नाही. गंमत सोडा. पकडायच्या मागं लागू नका, पकडणारी सॉफ्टवेअरं स्वतःच चुकतात आणि एखादी खरंच छान लिहिणारी पोरगी त्यात भरडली जाईल. मोठी माणसंही हेच करतात, २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले कोर्टात दाखले म्हणून दिले आणि ५००० डॉलर दंड भरला. वर्गात लिहून घ्या, वीस मिनिटं, अर्धं पान, विषय असा द्या जो मशीनला माहीत नाही, शाळेमागच्या ओढ्याचा, मधल्या सुट्टीतल्या भांडणाचा. तपासायचं काम तुमचंच वाढणार हे मला दिसतंय, साठ वह्या, पण यावर दुसरा स्वस्त उपाय कुणी विकत असेल तर घेऊ नका.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडिया बंद केला, आपल्याकडं कधी? माझी नात जेवताना पण रील्स बघते. (सांगली)

आजोबा, ऑस्ट्रेलियाचा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा ठिकाणी सोळाखालच्यांचं खातं नको, आणि मोडलं तर दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. पण मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, दंड कंपनीला आहे, मुलाला नाही, आईबापाला नाही. मुलं पळवाटा काढणारच, मोठ्या भावाचा चेहरा दाखवतील, काहीही करतील, तरी जबाबदारी कुणाची हे तिथं एकदाचं कागदावर आलं. आपल्याकडं डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यात अठराखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची खात्रीशीर संमती घ्यायची असं आहे. म्हणजे पुन्हा काम पालकांच्या गळ्यात. आणि आपल्या निम्म्या घरांत पालकांच्या फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवतं कोण? तीच नात.

कायद्याची वाट कशाला बघताय, तुमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे, तिथं २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावात टीव्ही, मोबाईल बंद, पोरांनी अभ्यास करायचा. लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी म्हणून फोन हातात दिले आणि मग ते सुटेनात, म्हणून ग्रामसभेत ठरवलं. सुरुवातीला लोक हसले, मग आशाताई, अंगणवाडीताई, पंचायतीची माणसं घरोघर फिरून सांगायला लागली. बीबीसीपर्यंत बातमी गेली. माझ्या मते ते जमलं कारण बंदी एकट्या पोरांवर नव्हती, सातची सिरीयल पण बंद होती, आणि हे मान्य करणं आयांना आणि आज्यांना किती जड गेलं असेल ते तुम्ही घरी विचारून बघा.

तेव्हा नातीचा फोन जेवताना काढून घ्यायच्या आधी एक सांगा, जेवताना तुमच्या घरात बातम्या चालू असतात ना? कुठलं चॅनल बघता ते पुढच्या पत्रात लिहा, त्यावरही मला बोलायचं आहे.