साथीच्या आराखड्यातला शेवटचा रकाना

प्रिय बेटा,

पुन्हा साथ आली तर कारखान्यात काय करायचं, याचा तुझा आराखडा काल रात्री शांतपणे वाचला. मास्क, कॅन्टीनच्या पाळ्या, बसमध्ये एकाआड एक सीट, गेटवर ताप मोजणं, सगळं नीट मांडलंस. शेवटी 'मानसिक आरोग्य' असा रकाना आहे आणि त्यात एकच ओळ: महिन्यातून एकदा समुपदेशकाचं ऑनलाइन सत्र. 'इथं आणखी काय लिहू, सुचत नाही,' असं तू विचारलंस. म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या रकान्यातलं बरंचसं काम पगार, पाळी, रजा आणि सुपरवायझर या रकान्यांमध्ये आहे. तिथं ते झालं नाही, तर समुपदेशक कितीही चांगला असो, त्याच्यासमोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात घरभाडंच फिरत राहील.

नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण 11 मार्च 2020 ला सापडला आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. त्या दोन आठवड्यांत हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात लोक एकमेकांना काय विचारत होते, ते आठव. पगार होईल का? छिंदवाड्याला, बालाघाटला घरी जाता येईल का? खोलीमालक राहू देईल का? मला काही झालं तर पोरांचं कोण पाहील? यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं व्यवस्थापनाकडे होती किंवा व्यवस्थापन ती ठरवू शकत होतं. जिथं कोणी काही सांगितलं नाही, तिथं व्हॉट्सअ‍ॅपनं सांगितलं. नंतर वर्धा रोडनं आणि जबलपूर रोडनं उन्हात चालत निघालेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली.

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2022 मध्ये सांगितलं, की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण 25 टक्क्यांनी वाढलं. कारणांमध्ये एकटेपणा, लागण होण्याची भीती आणि जवळच्यांचे मृत्यू यांच्याबरोबर पैशाची काळजीही होती. यातलं शेवटचं कारण तुझ्या टेबलावरून जातं. म्हणून पहिली ओळ अशी लिही: दर आठवड्याला एक ठरलेला वार आणि वेळ, त्या वेळी प्लांट हेडनं स्वतः उभं राहून बोलायचं, आणि तेच मराठीत व हिंदीत नोटीस बोर्डवर लावायचं. पगार कोणत्या तारखेला, कोणाला सुट्टी, कोणाची पाळी बदलली. काही ठरलं नसेल तर 'ठरलं नाही, शुक्रवारी चारला सांगतो' एवढंच सांगायचं. आणि शुक्रवारी चारला काहीच ठरलेलं नसलं, तरी तेवढं सांगायला यायचं. लोक वाईट बातमी सोसतात, ताटकळणं सोसत नाहीत.

आता रजा. ताप अंगावर काढून माणसं कामावर का आली? एका दिवसाचा खाडा परवडत नव्हता म्हणून. मग शेजारचा आजारी पडला, की 'माझ्यामुळे झालं' हे ओझं आयुष्यभराचं. राज्य कामगार विम्यात (ईएसआय) पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के मिळतात, हे कायम कामगारांनाही धड ठाऊक नसतं. ठेकेदाराच्या माणसांचं तर विचारूच नकोस. साथ येण्याची वाट न पाहता आत्ताच तपास: ठेकेदार त्यांचा विम्याचा आणि फंडाचा हप्ता खरंच भरतो का? प्रत्येकाच्या खात्यावर नॉमिनीचं नाव आहे का? कोविडमध्ये गेलेल्या विमाधारक कामगारांच्या घरच्यांसाठी सरासरी मजुरीच्या 90 टक्के पेन्शनची योजना होती. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या विम्याची कमाल रक्कम 2021 मध्ये 7 लाख झाली. पण नवरा गेलेल्या बाईला हे कोण सांगणार? त्या घरी तेराव्यानंतर फॉर्म घेऊन जाईल, सोबत बँकेत बसेल, असा आपला एक माणूस नावानिशी आराखड्यात असू दे. कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या घराला याचा आधार मोठा असतो.

सुपरवायझरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खरी जागा ती आहे.

एप्रिल 2021 आठव. मेडिकल, मेयो, एम्स, नागपूरच्या कोणत्याच मोठ्या सरकारी रुग्णालयात खाट मिळत नव्हती. लोक ऑक्सिजनसाठी आणि रेमडेसिविरसाठी रात्रभर फोन फिरवत होते, घाटांवर रांगा होत्या. त्या दिवसांत एका पॉवर प्रेसवरचा, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवरचा, ऑपरेटर भाऊ गेल्यावर आठवड्याभरात कामावर परतला. हजेरी बरोबर, युनिफॉर्म इस्त्रीचा. पण पत्रा ठेवायचा, हात मागे घ्यायचा आणि मग नुसतं पाहत राहायचा. पुन्हा पत्रा सारखा करायचा. चहाच्या सुट्टीत सगळे त्याच्यापासून थोडे लांब बसायचे. काही लागणीच्या भीतीनं, पण बरेच जण 'काय बोलावं' म्हणून. त्याला विचारलं तर एवढंच म्हणाला, "झोपच नाही लागून राहिली साहेब. डोकं काम नाही करून राहिलं."

त्याच्या सुपरवायझरनं जे केलं ते लिहून ठेव. त्याच दिवशी त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला लावलं आणि पैसे तेवढेच राहतील हे सगळ्यांसमोर नव्हे, बाजूला नेऊन सांगितलं. झोप नसलेला माणूस प्रेसवर उभा राहिला तर बोटं जातात. त्यामुळे ही दया नव्हती, सुरक्षेचा नियम होता, आणि त्याला तसंच सांगितलं गेलं. त्यानं तो मान खाली न घालता ऐकला. दुपारी सुपरवायझर स्वतः त्याच्या बाकावर डबा उघडून बसला. भावाचं नाव घेऊन विचारलं, कुठं होता, घरी आता कोण कोण आहे. मग गप्प राहून ऐकलं. दुसऱ्या दिवशी बाकीचेही त्या बाकावर सरकले.

हे सगळ्याच सुपरवायझरना जमत नाही, पण शिकवता येतं. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्या अशी स्पष्ट शिफारस आहे. तुझ्या समुपदेशकाचे तास आधी तिथं वापर. काय पाहायचं ते त्यांना शिकव: नेहमी वेळेवर येणाऱ्याचे अचानक खाडे, चिडचिड, साध्या कामात चुका, पोटाच्या आणि छातीच्या तक्रारी, दारूचा वास. आपल्याकडचा कामगार 'मी उदास आहे' असं म्हणत नाही. तो 'जीव घाबरते', 'कामात मन नाही लागत' म्हणतो आणि डॉक्टरकडे ॲसिडिटीची गोळी मागतो.

एक मात्र करू नकोस. मृत्यू झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोल बसवून 'मन मोकळं करा' असं सत्र ठेवायची कल्पना कोणीतरी नक्की मांडेल. धक्क्यानंतर लगेच माणसाला सगळा प्रसंग बोलायला लावू नये, असंच जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं आहे. ज्याला बोलायचंय त्याला माणूस मिळावा, ज्याला नाही त्याला शांतता मिळावी.

घरून काम करणाऱ्या ऑफिसच्या मंडळींसाठी थोडंच सांगतो. रात्री आठनंतर ग्रुपवर कामाचा मेसेज नाही, हा नियम साहेबांपासून लागू कर. दोन खोल्यांच्या घरात एका फोनवर पोराची शाळा सुरू असताना कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करू नकोस. आणि गेटवरचे गार्ड, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, सफाईवाल्या बाया यांना विसरू नकोस. सगळ्यांची भीती आधी त्यांच्यापर्यंत येते, त्यांची कोणी विचारत नाही.

उपचाराची गरज लागेल तिथं मागंपुढं पाहू नकोस. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो पगाराच्या स्लिपवर छापून घे, म्हणजे भिंतीवरचा नंबर टिपताना कोणी पाहिलं का, ही धाकधूक राहणार नाही. मेडिकलला मानसोपचाराची ओपीडी आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय तर 1864 पासून आपल्या शहरात आहे, पण ऑटोवाल्याला पागलखाना चौक सांगायला माणूस अजून लाजतो. म्हणून पहिल्या खेपेला सोबत कोणी जाईल अशी सोय ठेव, आणि रजेच्या अर्जावर आजाराचं नाव मागू नकोस. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीनं मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ते खरंच आहे का, वाचून बघ.

कोणी 'आता जगून काय करू' म्हणालं, तर विषय बदलू नकोस. मरायचे विचार येतात का, हे सरळ विचार. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा बोलतो. त्याला एकटं सोडू नकोस, घरच्यांना बोलाव, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचव. पोलिसांच्या भीतीनं घरचे लपवायला लागले, तर त्यांना सांग, की 2017 च्या त्याच कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर आहे.

आराखडा वर पाठवण्याआधी युनियनच्या माणसाला आणि लाइनवरच्या दोन बायांना वाचून दाखव. महिन्याला एक सत्र राहू दे, पण पाळीच्या वेळेत घे, पाळी सुटल्यावर नको. आणि ठेकेदारांच्या हप्त्याचं काय निघतं ते मला कळव. काही अडलं तर मी तुझ्यासोबत 'सोमवारी पेठ' भागातल्या कामगार विम्याच्या दवाखान्यात चौकशीला येतो.

तुझा,
काका