टाइल्स भिजवायच्या की नाही?

पहिल्यांदाच स्वतः बाथरूमच्या टाइल्स लावताय, जरूर लावा. जमतं. फक्त सगळ्या टाइल्स सरसकट टबात टाकू नका. नवखे सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब सोडा. लगेच शोषला गेला, तर ती भिंतीची सिरॅमिक टाइल. ती साधारण १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. सिमेंट-वाळूच्या मालावर लावणार असाल तर बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, मग उभी ठेवून निथळू द्या. कोरडीच लावली तर ती मालातलं पाणी ओढून घेते, पकड येत नाही आणि टाइल पोकळ वाजते.

थेंब तसाच राहिला तर व्हिट्रिफाइड, म्हणजे घट्ट भाजलेली, जवळजवळ पाणी न पिणारी टाइल. शोषण ०.५ टक्क्यापर्यंतच, त्यामुळे भिजवून काहीही साधत नाही. तिला टाइल अ‍ॅडहेसिव्हच (टाइल चिकटवायचा तयार मसाला) वापरा. आधी पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसून टाइल वाळवा, नाहीतर अ‍ॅडहेसिव्ह टाइलला न चिकटता भुकटीलाच चिकटतं. आणि हो, अ‍ॅडहेसिव्हवर सिरॅमिकही कोरडीच लावायची.

शहाबादी किंवा कोटा अशी दगडी फरशी असेल तर पाठ ब्रशने घासून धूळ धुवून काढा.

शिवाय:
- सगळ्या खोक्यांवरचा शेड आणि बॅच नंबर जुळवा. दुकानदार बदलून देतो तो लावण्याआधीच.
- पाठीवर बाण असेल तर सगळे एकाच दिशेला ठेवा.
- पहिली ओळ कोरडी मांडून बघा.

कटिंग आणि सांधे भरायच्या एपॉक्सीचं आत्ता डोक्यात घेऊ नका. थेंब टाकून काय दिसलं ते कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.