कुत्री सांभाळायचं काम सुरू केलंय, चौकशा येतात पण पैसे देणारी नवी गिऱ्हाइकं येत नाहीत. काय करू?

तुम्ही लिहिलंय की सहा महिने झाले, ओळखीतली चार कुत्री येतात, बाकीचे 'रेट काय?' विचारून गायब होतात, आणि आता जाहिरातीला पैसे घालावेत का. जाहिरातीचं शेवटी सांगते. मी हे काम नऊ वर्षं करतेय: फिरवणं, दिवसभर सांभाळणं, मालक बाहेरगावी असले की मुक्कामाला ठेवणं. पहिली दोन वर्षं माझीही तुमच्यासारखीच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'रेट काय?' विचारणाऱ्याच्या मनात दुसरंच काहीतरी असतं. माझ्या माघारी याला काही होणार नाही ना, हे त्याला जाणून घ्यायचं असतं, पण अनोळखी माणसाला ते विचारायचं कसं? मग तो सोपा प्रश्न विचारतो. आपण आकडा पाठवला की बोलणं संपलं. मी आकडा लपवत नाही, पण त्याआधी चार गोष्टी विचारून घेते. नाव काय, वय किती, एकटं राहायची सवय आहे का, आणि कशाला घाबरतो? हा शेवटचा प्रश्न म्हणजे खजिना आहे. छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, व्हॅक्यूम क्लीनर... लोक सांगत सुटतात. एका बाईंनी मला सात मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली होती. सात मिनिटं बोललेला माणूस सहसा गायब होत नाही.

त्यानंतर भेट. ही फोनवर उरकू नका. त्यांच्या घरी जा किंवा त्यांना तुमच्याकडे बोलवा, आणि तिथे गेल्यावर कुत्र्याकडे धावू नका. नवीन असताना मी दार उघडल्या उघडल्या 'अले बाळा' करत डोक्यावर हात फिरवायचे; निम्मी कुत्री मागे सरकायची आणि मालकाचा चेहरा पडायचा. आता मी आत जाते, त्याच्याकडे न बघता थोडी तिरकी बसते आणि मालकाशी बोलत राहते. हात खाली मोकळा सोडलेला. दोन-पाच मिनिटांत नाक येतं. हुंगून झालं, तो जवळ थांबला, की छातीवर किंवा मानेच्या बाजूला खाजवायचं. मग सहज पट्ट्याखाली दोन बोटं जातात का ते बघायचं. घट्ट असेल तर काचतो, फार ढिला असेल तर घाबरलेलं कुत्रं मागे रेटून डोकं सोडवून पळतं. हे मी बोलून दाखवते आणि पट्टा तिथेच नीट करून देते. मालक तुमचं माहितीपत्रक वाचत नसतो, तुमचे हात बघत असतो.

भेटीनंतर लगेच मोठा मुक्काम घेऊ नका. आधी अर्ध्या दिवसाची चाचणी घ्या, आणि ती पैसे घेऊनच. मी सुरुवातीला पहिला दिवस फुकट ठेवला होता. महिनाभर घर कुत्र्यांनी भरलेलं आणि हातात काही नाही. फुकट आलेल्यांपैकी एकच घर पुढे टिकलं, बाकीच्यांना त्या दिवसापुरतीच सोय हवी होती. चाचणी छोटी असली तरी काम पूर्ण दाखवा. किती वाजता जेवला, किती वेळा शू, शी कशी झाली, कुठे झोपला, सगळं वेळेसकट मेसेजवर. फोटो एक-दोन पुरे.

आता लोक मिळवायचे कुठून? माझी जवळजवळ अर्धी गिऱ्हाइकं जनावरांच्या डॉक्टरांकडून आली आहेत, आणि त्यासाठी मी कधी कुणाच्या टेबलावर कार्डांचा गठ्ठा ठेवला नाही. ठेवला होता खरं तर, एकदा. दोन महिन्यांनी तो तसाच धूळ खात होता. एकदा मुक्कामाला असलेल्या लॅब्रॅडॉरला जुलाब लागले. मालकाला फोन करून त्यांच्याच डॉक्टरांकडे नेलं. सोबत एका कागदावर लिहून नेलं होतं: आदल्या रात्रीपासून काय खाल्लं, कितीदा झालं, कधी, पाणी पितोय का, उलटी नाही, तापमान १०२.४. (निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. थर्मामीटर घ्या आणि वापरायला शिका.) डॉक्टरांनी कागद वाचला, मालकाला फोन लावला आणि म्हणाले, कुत्रं चांगल्या हातात आहे. पुढच्या महिन्यात त्यांनी तीन घरांना माझा नंबर दिला. त्यांना कमिशन वगैरे देऊ करू नका; चांगला डॉक्टर दुखावतो आणि वाईट डॉक्टरची शिफारस तुम्हाला नकोच आहे. केस कापणारे, ट्रेनिंग देणारे, कुत्री दत्तक देणाऱ्या संस्था यांच्याशीही असंच नातं जुळतं. जे काम तुम्ही करत नाही ते त्यांच्याकडे पाठवत राहा.

दोन प्रकारच्या घरांकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही.

पहिलं, नुकतं पिल्लू आणलेलं नोकरदार घर. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन-तीन तासांच्या वर शू धरवत नाही. लसी साधारण सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, तोवर रस्त्यावर कुठेही फिरवायचं नाही. पण नेमकं तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू जगाला सरावतं, नवी माणसं, नवे आवाज त्याला तेव्हाच भेटायला हवेत. या कात्रीत सापडलेल्या घराला दुपारी येऊन अर्धा तास पिल्लासोबत घालवणारं माणूस हवं असतं. जाताना कपडे-चपला बदलून जा आणि का बदलल्या ते सांगा: पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू चपलेवरूनही घरात येतो आणि बाहेर मातीत महिनोन् महिने टिकतो. मी हे एवढं सांगितलं त्यावर एका घराने लगेच पुढच्या महिन्याचं ठरवून टाकलं. शिवाय पिल्लू म्हणजे दहा-बारा वर्षांचं गिऱ्हाईक.

दुसरं, म्हातारं किंवा आजारी कुत्रं असलेलं घर. मधुमेह असलेल्या कुत्र्याला साधारणपणे दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, जेवणासोबत इन्सुलिन लागतं. अशी माणसं वर्षानुवर्षं कुठे गेलेली नसतात, कारण सुई द्यायला कुणी नाही. डॉक्टरांकडून नीट शिकून घ्या. जेवलं नाही तर नेहमीचा डोस तसाच टोचायचा नाही, आधी फोन करायचा, हेही. संधिवाताने जिना न चढणारी, डोळ्यांनी अधू झालेली, गोळी थुंकण्यात पटाईत असलेली, अशी कुत्री जो सांभाळतो त्याच्याशी कुणी घासाघीस करत नाही. माझ्याकडच्या सगळ्यात जुन्या पाच घरांपैकी तीन अशीच जोडली गेली.

आणि लसीचं कार्ड बघितल्याशिवाय कुणालाही आत घेऊ नका, गिऱ्हाईक कितीही हवं असलं तरी. मी एकदा घेतलं. 'कार्ड सापडत नाहीये, सगळं झालंय' म्हणाले, मला पैशांची गरज होती, मी मान डोलावली. आठवड्याभरात तीन कुत्री घशात काहीतरी अडकल्यासारखी खोकायला लागली. केनेल कफ, म्हणजे एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारा खोकला. मी त्या दिवसांत आलेल्या सगळ्या घरांना स्वतःहून फोन केले, चूक माझी आहे हे सांगितलं, दोन आठवडे दार बंद ठेवलं आणि डॉक्टरांची बिलं भरली. दोन घरं कायमची गेली. पण एका बाईंनी मैत्रिणीला माझं नाव सांगताना म्हटलं होतं, 'काही झालं तर ती लपवत नाही.' ती मैत्रीण अजून माझ्याकडे येते.

गूगलवरची नोंद अर्थातच करा, फुकट आहे. तुम्ही लोकांच्या घरी जाऊन काम करत असाल तर स्वतःचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात जाता तेवढं दाखवता येतं. अभिप्राय मागायची वेळ मात्र साधा: कुत्रं न्यायला आलेत आणि ते तुमच्या पायाशीच घुटमळतंय, तो क्षण. तेव्हाच लिंक पाठवा आणि म्हणा, याच्या गोळ्यांचं कसं झालं तेवढं लिहा. 'उत्तम सेवा' पेक्षा 'आमचा बारा वर्षांचा मोती पहिल्यांदा बाहेर जेवला' हे वाचून फोन येतो. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. आणि फोटो टाकताना 'मालक आठवडाभर बाहेर' असलं काही लिहू नका. कुलूपबंद घराची दवंडी पिटल्यासारखं होतं ते.

आज संध्याकाळी एक काम करा. गेल्या सहा महिन्यांत रेट विचारून गप्प झालेल्या सगळ्यांची यादी काढा. सवलत, ऑफर काही नको, कुत्र्याचं नाव घेऊन एक ओळ लिहा: 'रॉकी कसा आहे? तेव्हा तुम्ही कुणाकडे ठेवलंत, जमलं का?' मी पहिल्यांदा केलं तेव्हा अकरा जणांना पाठवलं, चौघांनी उत्तर दिलं, दोन आले. नाव आठवत नसेल तर पाठवू नका, आणि इथून पुढे नाव वहीत लिहीत जा.

राहिली जाहिरात. मी एकदाच केली, चांगले पैसे घालून. तीन फोन आले. त्यातले दोघं विचारत होते, पिल्लं विकता का?